आईसाठी मोठ्यानं वाचलेल्या कादंबऱ्या : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून सुरू. मी कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, त्यामुळे वहीत नोंद पडल्याशिवाय काम झालंय असं मला वाटतच नाही. गेल्या वर्षीची एक कोरी डायरी सापडली, तीच तारखा खोडून वापरतोय.

काम असं : रोज रात्री जेवणं झाल्यावर आईला कादंबरी वाचून दाखवायची. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेनं दिसतं, म्हणजे दारात कुणीतरी आलं एवढं कळतं, पण तोंडाकडे बघायला गेली की तोंडच गायब. अक्षरं तर नाहीतच. या बाईनं चाळीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवले आणि दुपारी एक ते तीन मशीनवर चादर टाकून वाचनालयाची पुस्तकं वाचली. आता दिवसभर रेडिओ ऐकते आणि निवेदकांवर चिडते.

माझे नियम तीन. पन्नास पानांत जमलं नाही तर पुस्तक बंद. प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी. आणि मत त्याच रात्री लिहायचं, कारण दुसऱ्या दिवशी नको ते शहाणपण सुचतं.

आईचा नियम एकच. "मधात समजावून सांगायचं नाही. मले समजते."

८ जानेवारी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घेतली. पातळ आहे, म्हणून. वेळ ९.१० ते ९.५५.

मोठ्यानं वाचताना पहिली गोष्ट कळली ती श्वासाची. या माणसाची वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत. कुठंही दम लागला नाही. पहाटे एकटा चालत निघालेला तरुण मास्तर आणि औंध संस्थानातलं धनगरांचं ते उघडंबोडकं गाव. आई डोळे मिटून बसली होती. झोपली असं वाटून थांबलो, तर म्हणाली, "काहून थांबला? पोचू दे त्याले."

११ जानेवारी

कारभाऱ्याची अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, त्या ठिकाणी आज अर्धा तास वाचन बंद पडलं. कारण : प्रेक्षकांतून हस्तक्षेप. मोर्शीकडे पूर्वी मापाला जुनी चोळी कशी पाठवत, ती फाटकी असली तर बाई शरमेनं कशी दुसरीची पाठवायची, मग नवी चोळी तिसऱ्याच मापाची कशी व्हायची, हे सगळं ऐकलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बावन्न वर्षं एकाच घरात राहतोय.

१४ जानेवारी, संक्रांत

'बनगरवाडी' संपली. कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा ती 'छान, निसर्गरम्य' वाटली होती. मूर्खच होतो. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात आणि गावकऱ्यांनी हौसेनं बांधलेली तालीम मागं राहते. आणि हे सांगताना लेखक आवाज चढवत नाही. वाचणाऱ्यालाही मग चढवता येत नाही. मी एका ठिकाणी जरा नाटकी सूर लावून पाहिला; वाक्यानंच तो नाकारला.

आईचं मत : "चांगली आहे. पण बाया कमी."

१९ जानेवारी

आईच्या हट्टानं शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७). तिनं ती पूर्वी दोनदा वाचलेली आहे. कर्ण म्हटलं की तिचा आवाज बदलतो.

२६ जानेवारी

माझा घसा बसला. सर्दी आहे की कादंबरी, सांगता येत नाही.

मनात वाचताना जे लपतं ते जिभेवर येतं. या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं आपली बाजू सांगतात. बेत उत्तमच. पण पुस्तक हातात धरून मी कुंती वाचत होतो आणि मधे चहाला उठून परत आलो, तर बोलतंय कोण हे मला दोन परिच्छेद कळेना. सगळे एकाच उंचीवरून बोलतात, उपमा एकाच कपाटातल्या. पांडवांची आई आणि हस्तिनापूरचा युवराज यांच्या बोलण्यात थोडा तरी फरक असावा की नाही?

पन्नास पानांचा नियम कधीच मोडला होता, तरी आज पुस्तक बंद केलं. आई रागावली. तिचं म्हणणं, मोठ्या माणसांची गोष्ट मोठ्या आवाजातच सांगायची असते, कीर्तनकार काय कुजबुजतो का? मुद्दा आहे. तडजोड : भाची दर रविवारी फोनवरून तिला 'मृत्युंजय' वाचून दाखवणार. भाचीचा घसा एकोणीस वर्षांचा आहे.

२ फेब्रुवारी

'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण. त्या ज्यूंतल्या हेर्टाशी त्याची ओळख होते. बोटीवरचेच काय ते दिवस. बंदर आलं की प्रेम संपणार हे दोघांनाही माहीत.

चक्रधर मला आवडत नाही. स्वतःच्या जुन्या जखमेची त्याला फार किंमत आहे. आईला मात्र पहिल्याच रात्री तो बरोबर सापडला. "याले एका पोरीनं फसवलं म्हणून हा साऱ्यायले हिशोब मागून राह्यला."

६ फेब्रुवारी

'रणांगण' संपली. शेवटी हेर्टाची पत्रं येतात. तो मुंबईला उतरलेला, ती बोटीवरच, पूर्वेकडे पुढं चाललेली. ही पत्रं वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला. आजूबाजूला कुणी ऐकू नये असा. चक्रधरची शंभर पानांची तत्त्वचिंता एका बाजूला आणि ही पत्रं एका बाजूला. माझ्या मते पुस्तक पत्रांमुळं उभं आहे. महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी हे छापून आलंय, म्हणजे लेखकाला पुढचं काहीही माहीत नव्हतं. ते माहीत असलेल्या आपण ते वाचायचं, हे विचित्र ओझं आहे.

शेवट ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग : "उद्या हलकं काही आण."

हलकं काही सापडलं नाही.

१२ फेब्रुवारी

काल रा. रं. बोराडे गेले. पेपरमध्ये बातमी वाचून दाखवली. आई म्हणाली, त्यांची 'पाचोळा' तिनं वाचलीय, पण "मशीनचं काहीतरी होतं" यापलीकडे आठवत नाही. संध्याकाळी स्टेशनाजवळच्या वाचनालयात गेलो. प्रत होती. कडा पिवळ्या, मधली चार पानं टाचणीनं अडकवलेली. १९७१ ची कादंबरी.

१५ फेब्रुवारी

'पाचोळा' तीन रात्रींत संपली. एका बैठकीतही झाली असती, पण मी मधे मधे थांबत होतो.

पारबती बोलते. पूर्ण पुस्तकभर तीच बोलते, मराठवाड्याच्या तिच्या बोलीत. नवरा गंगाराम शिंपी, गावातला एक मोठा माणूस त्याच्यावर उलटलेला, मुलगा हाताबाहेर चाललेला. पारबतीला यातलं सगळं कळतं आणि तिच्या हातात काहीच नाही. सहा जणांच्या तोंडी एकच आवाज घातलेल्या पुस्तकानंतर हे वाचायला मिळालं, हा योग चांगला. इथं एकाच बाईच्या तोंडून नवरा, मुलगा, गाव सगळे वेगवेगळे ऐकू येतात, कारण ती त्यांच्या नकला करते. आपल्या आया करतात तशाच.

मला ही बोली येत नाही. पहिल्या दहा पानांत अडखळलो. मग लक्षात आलं की डोळ्यांनी वाक्य तोडून वाचतोय म्हणून अडखळतोय. नुसतं बोलत सुटलं की जमतं. कारखान्यात लातूरकडचा एक फिटर आहे, त्याचा सूर मनात धरला. आईनं लगेच विचारलं, "हा कोणाचा आवाज काढला?"

आईची तक्रार : गंगाराम अबोल आहे ते ठीक, पण शिंपी इतका अबोल नसतो. माप घेताना बोलावंच लागतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिल्लीतल्या साहित्य संमेलनाचा शेवटचा दिवस. दुपारी आईला टीव्हीवर अध्यक्ष तारा भवाळकरांचं थोडं ऐकवलं. रात्री 'कोसला' सुरू. भालचंद्र नेमाडे, १९६३.

विशीत हे माझं पुस्तक होतं. होस्टेलवर आम्ही सगळे त्यातल्या पांडुरंग सांगवीकरसारखे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घालून बोलायचो. आज तेच मोठ्यानं वाचताना पहिल्या अर्ध्या तासात आई दोनदा हसली, नंतर 'वगैरे' मोजायला लागली. सत्तावीसपर्यंत गेली आणि झोपली. खरोखर झोपली.

२८ फेब्रुवारी

होस्टेल, मेस, गॅदरिंग, पैशांचे घोळ. आईला कंटाळा. मलाही थोडा. विशीत ज्या पानांवर आम्ही लोळून हसलो ती आज लांबलेली वाटतात. नेमाड्यांचं काही बिघडलेलं नाही, पानं तीच आहेत. आज मी वडिलांच्या बाजूनं वाचतोय. पोरगा पुण्यात पैसे उडवतोय आणि मी मनात आकडे मांडतोय. तेव्हा वडील खलनायक होते. आता वाटतं, बाप उद्धट आहे, पण मनीऑर्डर त्याचीच जाते ना!

३ मार्च

मनी देवीच्या रोगानं जाते ती पानं. पांडुरंगची धाकटी बहीण. तोवरचा सगळा टवाळ सूर इथं येऊन आदळतो. तेच 'वगैरे' बोलणारं तोंड आता बोलता येत नाही म्हणून बडबडतं. आज मला ते नीट वाचता आलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

परत आलो तर आई दंडावरचा देवीच्या लसीचा व्रण चाचपत होती. तिच्या वर्गातल्या दोघी गेल्या होत्या. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्या वेळी मी दोन-तीन वर्षांचा. माझ्याही दंडावर व्रण आहे, भाचीच्या नाही. तिनं 'कोसला' वाचली तर तिला इथं तळटीप लागेल.

७ मार्च

'कोसला' संपली. मत : पांडुरंग गावाकडे परततो तिथून पुढचा भाग सर्वांत चांगला, आणि तोच आम्ही तेव्हा घाईघाईनं उरकला होता. आईचं मत : "पोरगं लाडावलेलं आहे. पण खोटं नाही बोलत."

१० मार्च

उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०. अमरावतीकडची, म्हणजे आईच्या मुलखातली. मी मुद्दामच ठेवून दिली होती.

पहिल्याच रात्री पकडला गेलो. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं बोलायला लागली की वऱ्हाडी. नायिका कौतिकच्या तोंडी 'मले' छापलेलं माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि तोंडातून 'मला' बाहेर पडत होतं. मला कळतही नव्हतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आई म्हणाली, "पुस्तकात काय लिहेल हाय ते वाच. पुण्याचं नको करू तिले."

मग हळूहळू वाचलं. निवेदनातून संवादात जाताना गिअर बदलल्यासारखा खटका बसतो. पहिले दोन दिवस तो खटका मला लेखकाचा दोष वाटत होता.

१३ मार्च

आता वाटत नाही. निवेदक बाहेर उभा राहून शांतपणे सांगतो आणि आत माणसं भांडत असतात. दोन्ही एकाच बोलीत असतं तर निवेदकही भांडणात ओढला गेला असता.

कौतिक सासर सोडून नवऱ्यापोरांना घेऊन तळेगावला येते, नवऱ्याला धंद्याला लावायचं म्हणून. नवरा महादेव शिंपी. म्हणजे महिन्याभरात दुसरा शिंपी, दुसरी त्याची बायको आणि ऐकणारी तिसरी शिवणारी. मी हे ठरवून केलेलं नाही. पण पारबती आणि कौतिक शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. पारबती पाहते आणि सांगते. कौतिक सांगत बसत नाही. ती सतत काहीतरी करत असते. उसनं आण, मजुरीला जा, पोराला शाळेत टिकव, नवऱ्याला उठव. आणि पैसे मोजते. या कादंबरीत आणे-पैशांचा हिशोब इतका बारीक आहे की माझ्यासारख्याला स्टोअरचं रजिस्टर वाचल्यासारखं वाटावं, आणि तरी प्रत्येक नोंदीला पोटात कालवतं.

आईचा महादेववर राग : "मशीन घरात असून माणूस उपाशी राहतो म्हणजे काय!"

१७ मार्च

आज सव्वानऊला सुरू केलं, साडेनऊला आईनं थांबवलं. "बस झालं आज."

१८ मार्च

वाचन नाही. तिनं मागितलं नाही, मी विचारलं नाही.

१९ मार्च

संध्याकाळी कामावरून आलो तर पुस्तक माझ्या खुर्चीवर ठेवलेलं. चाचपडत शोधून ठेवलं असणार. पुठ्ठ्याचा एक कोपरा दुमडलेला असल्यामुळं हाताला कळतं म्हणाली.

२२ मार्च

'धग' संपली. महादेवचा महारोग, पोरांच्या एकेक तऱ्हा. एकच तक्रार नोंदवतो : शेवटच्या तिसऱ्या भागात संकटं रांगेत उभी असल्यासारखी येतात. एक संपलं की पुढचं. प्रत्येक संकट खरं आहे, रांग मात्र लेखकानं लावलेली जाणवते. तरीही रडकेपणा नाही, कारण शेळके कौतिकची कीव करत नाहीत. तिला कीव करून घ्यायला वेळच नाही.

या तीन महिन्यांत जे वाचलं त्यात माझ्या मते ही पहिली. 'कोसला'पेक्षा वर. असं लिहिताना विशीतला मी दचकतो आहे, दचको.

वाचून झाल्यावर आईनं स्वतःहून दोन-तीन संवाद म्हणून दाखवले. शब्द पुस्तकातले नव्हते, तिच्या सासूचे होते. मी दुरुस्त केलं नाही.

३० मार्च, पाडवा

सुट्टी. श्रीखंडामुळे दोघांनाही झोप.

६ एप्रिल

नवीन काहीतरी हवं म्हणून कृष्णात खोतांची 'रिंगाण' (२०१७). २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणामुळं उठलेलं गाव, आणि मागं राहून रानटी झालेली म्हैस आणायला परत गेलेला माणूस.

धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मी पूर्वी वाचली होती. तिथं कचेऱ्या, मोजण्या, पुढारी, सगळी यंत्रणा उघडी करून दाखवलेली. मला यंत्रणा आवडतात, त्यामुळे ती आवडली होती. खोत यंत्रणेच्या वाटेलाच जात नाहीत. एक माणूस, एक जनावर, एक रान. म्हैस माणसाला ओळखत नाही, एवढ्यावर सगळं तोलून धरलंय. धाडस आहे.

वाचायला मात्र सगळ्यांत अवघड. कोल्हापूरकडची भाषा, तुटक वाक्यं, कुठं थांबायचं ते कळत नाही. आणि मधला भाग तिथंच फिरत राहतो. नावच 'रिंगाण', तेव्हा तक्रार कुठं करायची? तरी करतो : तीस-चाळीस पानं कमी चालली असती. आई म्हशीत गुंतली. रोज सकाळी चहाच्या वेळी, "सापडली का रे?" मी पुढचं वाचून ठेवत असेन असा तिला संशय आहे. खरा आहे.

१३ एप्रिल

विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) सुरू. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, म्हणजे 'रणांगण'वाल्या विश्राम बेडेकरांच्या पत्नी. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "दोघंही लिहीत होते? मग सैपाक कोण करे?"

सोलापूरची सेटलमेंट, तारेच्या कुंपणात ठेवलेल्या जमाती. इंग्रजांच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं. तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं. मालतीबाईंनी त्या वसाहतीत स्वतः नोकरी केली होती आणि ते पानापानावर कळतं. रोजची हजेरी, कुंपणाबाहेर जायची परवानगी, आत जन्मलेल्या पोरांची कुंपणाबद्दलची समजूत. हे कल्पनेनं लिहिता येत नाही.

१७ एप्रिल

'बळी' संपत आली. एक गोष्ट कानाला खटकते : माणसं बोलत असताना मधेच लेखिकेतल्या अधिकारी बाई बोलायला लागतात. आता आपल्याला समजावून सांगणार, हे मला वाक्याच्या सुरुवातीलाच ऐकू येतं. आज असा परिच्छेद आला तेव्हा मी आवाज थोडा सपाट केला. आई म्हणाली, "आली वाटते बाई." आईचा तो एकच नियम या पुस्तकानं वारंवार मोडला. तरी सोडावंसं वाटलं नाही. नवरा-बायकोत कोण मोठं असले प्रश्न फालतू आहेत, पण 'रणांगण' बांधणीत वरचढ आणि 'बळी'तलं जग जास्त पाहिलेलं, असं माझं मत झालंय.

२० एप्रिल, रविवार

'बळी' परत केली. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' महिन्यापूर्वी मागितली होती, तेव्हा फक्त दुसरा भाग कपाटात होता. आज पहिलाही आलेला. दोन्ही उचलून आणले. पिशवीचा बंद तुटला.

रात्री पहिला भाग आईच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातांत तोलला, कडेनं अंगठा फिरवून जाडी बघितली.

"असा अजून एक हाय?"

"आहे."

"ह्याले दिवाळी लागन," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन बसली. वेळ ९.२० ते १०.३५. पाने २२.